ओरखड्यातून मज्जातंतू आणि प्रतिकारयंत्रणेचे नाते कसे पाहावे

मनगट आणि कोपर यांच्यामधला हाताचा आतला भाग उघडा ठेवून काही वेळ स्वस्थ बसावे. मग लाकडी पट्टीच्या बोथट कडेने, त्वचा सोलली जाणार नाही पण दाब स्पष्ट जाणवेल अशा बेताने, एकच सरळ रेघ ओढावी. जखम किंवा पुरळ असलेल्या जागी हे करू नये. ॲलर्जीची गोळी घेतली असल्यास प्रयोग पुढे ढकलावा, कारण हिस्टामिनला, म्हणजे त्वचेत लाली, सूज व खाज आणणाऱ्या रसायनाला, अडवणारे औषध नेमके पाहायचे तेच पुसट करते.

काही सेकंदांतच रेघ लाल होते. खरे लक्ष मात्र तिच्या दोन्ही बाजूंच्या, पट्टीचा स्पर्शही न झालेल्या त्वचेकडे द्यावे; साधारण अर्ध्या मिनिटात तिथे वेड्यावाकड्या कडांची लाली पसरू लागते. सावळ्या त्वचेवर ती सहज दिसत नाही, तेव्हा दुसऱ्या हाताची बोटे टेकवून ऊब जाणवते का ते पाहावे. दाब पुरेसा असेल तर पुढच्या दोन-तीन मिनिटांत रेघ अंगावर पित्ताची गांधी उठावी तशी फुगते. ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञ थॉमस लुईस यांनी १९२७ च्या आपल्या ग्रंथात या तिन्ही पायऱ्यांचे तपशीलवार वर्णन केले आहे.

मधली पायरी मज्जातंतूंची आहे. दाबामुळे त्वचेतल्या मास्ट पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या पहारेकरी पेशी, हिस्टामिन सोडतात आणि त्याने वेदना व खाज जाणणारे बारीक तंतू चेतवले जातात. हा संदेश मेरुरज्जूकडे तर जातोच, पण वाटेत त्याच तंतूच्या दुसऱ्या फांद्यांतून उलट त्वचेकडेही वळतो. तिथल्या टोकांतून सबस्टन्स पी आणि सीजीआरपी ही रसायने बाहेर पडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आणखी मास्ट पेशी जाग्या होऊ शकतात. मेंदूच्या आज्ञेची यात गरजच नसते, हे मला या प्रयोगातले सर्वांत विलक्षण वाटते. मज्जातंतू कापल्यानंतरही त्याची टोके जिवंत असेपर्यंत, म्हणजे काही दिवस, ही लाली उमटते आणि टोके मेल्यावर थांबते.

याच तत्त्वावर कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर हिस्टामिनची चाचणी केली जाते: तंतू निकामी झाले असतील, तर गांधी उठते पण भोवतालची लाली येत नाही. घरी मात्र लाली दिसली नाही म्हणून निदान करू नये. त्वचेवर बधिर चट्टा असेल तर डॉक्टरांना दाखवावा.