सिनिअरचा अर्धवट प्रोजेक्ट उचला

जुलैत बीईचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे, ग्रुप प्रोजेक्टचे विषय घेऊन येतात, तेव्हा त्यांची यादी मला न बघताच पाठ असते. स्मार्ट डस्टबिन, स्मार्ट पार्किंग, चेहऱ्यावरून हजेरी, आणि बाहेर पाऊस कोसळत असल्यामुळे एखादी पूर-इशारा यंत्रणा. पुढचा प्रश्नही ठरलेला: "मॅडम, हे आधी कुणी केलेलं नाही ना?" केलेलं निघालं की विषय बाद आणि पुन्हा शोधाशोध. माझा सल्ला उलटा आहे. आधी कुणीतरी केलेलंच घ्या. आपल्याच डिपार्टमेंटच्या कपाटात धूळ खात पडलेला, अर्धवट राहिलेला प्रोजेक्ट शोधा आणि तो पुढे न्या.

मी नवी मुंबईतल्याच एका कॉलेजातून एक्स्टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) केलं, काही वर्षं महापेच्या एमआयडीसीत मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका युनिटमध्ये काढली आणि आता शिकवते. ठाण्याहून रोज ट्रान्सहार्बर लोकल. म्हणजे प्रोजेक्टची ओरल दिलीही आहे आणि आता घेतेही. हे लिहितेय ते मुख्यतः एसई-टीईच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी. नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षकांसाठीही मध्ये थोडं आहे.

आपल्या सेमचं वेळापत्रक आणि निसर्गाचं वेळापत्रक यांचं जमत नाही, हे सगळ्याच्या मुळाशी आहे. मुंबईत मान्सूनच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परतीची ८ ऑक्टोबर. सातवं सेम सुरू होतं जुलैत. ग्रुप जमायला, गाईड मिळायला, विषय मंजूर व्हायला ऑगस्ट सरतो. मग गणपती, पहिला रिव्ह्यू, युनिट टेस्ट. सर्किट ब्रेडबोर्डवर उभं राहतं तोवर दिवाळी आलेली असते आणि नाला कोरडा पडलेला असतो. मग पुराचा प्रोजेक्ट बादलीत होतो. बादलीत पाणी ओतायचं, बझर वाजला की रिव्ह्यू संपला. रिपोर्टच्या पहिल्या पानावर २६ जुलै २००५ आणि ९४४ मिलिमीटर पाऊस हे आकडे न चुकता असतात. ते मोजमाप सांताक्रूझचं आहे. तुमच्या नाल्यात त्या दिवशी किंवा कालच्या पावसात पाणी किती चढलं, याबद्दल त्या रिपोर्टात एक ओळ नसते.

पावसाचा डेटा हवा असेल तर सेन्सर जूनच्या आधी जागेवर बसलेला असावा लागतो. म्हणजे तो तुमच्या आधीच्या बॅचने बसवलेला असावा लागतो, नाहीतर तुम्ही टीईच्या मिनी प्रोजेक्टमध्ये बसवून ठेवायला हवा. हे फक्त पावसाचं नाही. सिव्हिलवाल्यांचा ताकद तपासायचा २८ दिवसांचा काँक्रीटचा क्यूब एका सेममध्ये आरामात फुटतो, पण खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंडी सळी किती गंजते हे कळायला वर्षं जातात. सोलर पॅनेलवर धूळ बसून वीज किती घटते, हे बघायला किमान एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा लागतो. अशा प्रश्नांना एका बॅचचं आयुष्य पुरत नाही.

मी स्वतः बीईला असताना आमच्या वाट्याला आला तो नाल्याच्या पातळीचा प्रोजेक्ट. त्यासाठी शहराची थोडी माहिती लागते. सिडकोची स्थापना १९७० ची. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल, भराव घातलेल्या जमिनीवर आहे. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी काही भागांच्या पातळीहून वर जातं. म्हणून धारण तलाव ठेवले गेले, ज्यांना सगळे होल्डिंग पाँडच म्हणतात. भरती चढली की तोंडावरचं फ्लॅप गेट बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच बंद होतं, नाल्यांतून आलेलं शहरातलं पावसाचं पाणी तलावात थांबतं, आणि ओहोटी लागली की गेट आतल्या दाबाने उघडून पाणी खाडीत जातं. कल्पना फार सुंदर आहे, ना वीज ना माणूस. आता बऱ्याच तलावांत गाळ भरलाय, त्यात खारफुटी रुजलीय, आणि खारफुटीला हात लावायचा तर उच्च न्यायालयाकडे जावं लागतं. त्यामुळे आत पाणी नेमकं किती आणि कधी चढतं, हा खराखुरा प्रश्न आहे.

सरांनी आम्हाला सिनिअरचा एक खोका दिला होता. त्यात एक एचसी-एसआर०४ अल्ट्रासोनिक सेन्सर, एक बोर्ड आणि कुठेही लेबल नसलेल्या जंपर वायरींचा गुंता. "नवीन काही करू नका, हे फक्त बाहेर चालवून दाखवा," एवढंच सर म्हणाले. ते "फक्त" आम्हाला पुढे वर्षभर पुरलं.

हा सेन्सर आवाज सोडतो, प्रतिध्वनी परत यायला लागलेला वेळ मोजतो आणि त्यावरून अंतर निघतं. इंटरनेटवरच्या बहुतेक कोडमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असा पक्का ठोकलेला असतो. तो वेग २० अंश सेल्सिअसचा. ३५ अंशांना तो साधारण ३५२ होतो. सेन्सर पाण्यापासून ३ मीटर वर असेल, तर मेच्या दुपारी पाणी आहे त्याहून जवळपास ८ सेंटीमीटर वर दिसतं आणि रात्र झाली की आपोआप "उतरतं". लॅबमध्ये, एसीखाली, बादलीवर हे कधीच दिसणार नाही. शेजारी तापमानाचा सेन्सर लावून वेग दर वेळी नव्याने काढला की प्रश्न सुटतो. कोडच्या दोन ओळी आहेत, पण परीक्षकांशी अर्धा तास बोलता येईल एवढा मजकूर त्यात आहे. शिवाय या सेन्सरचा झोत पसरट असतो. अरुंद नाल्यात तो भिंतीवरून उलटतो आणि पाण्याऐवजी भिंतीचं अंतर सांगतो. पाण्यापासून बचाव असलेला जेएसएन प्रकारचा घेतला, तर त्याला अगदी जवळचं, साधारण २० सेंटीमीटरच्या आतलं दिसत नाही. तो किती उंचीवर टांगायचा हे पुराच्या पातळीवरून ठरवा.

डेटा खरा आहे हे कसं ओळखायचं? इथे खाडीने फुकट परीक्षक दिलेला आहे. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची (मोठी) भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची (लहान). आमच्या ग्रुपमधला एकजण दिवाळे गावातला. त्याच्या आजोबांनी ग्राफ बघायच्या आधीच हिशेब सांगितला: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. गेटच्या बाहेर, भरती पोचते तिथे, ग्राफवरचे उंचवटे रोज साधारण तेवढेच सरकत असतील तर सेन्सरही बरोबर आणि घड्याळही. घड्याळाकडे मुलं लक्ष देत नाहीत. डीएस१३०७ ही स्वस्त आरटीसी (वेळ सांभाळणारी चिप) काही आठवड्यांतच बघण्यासारखी मागेपुढे होते, तर डीएस३२३१ वर्षाला एखाद्या मिनिटाने. किमतीतला फरक एका वडापावच्या पार्टीइतका आहे, चांगलीच घ्या.

आणि मग एखादा प्रश्न असा सापडतो, जो विषयांच्या कुठल्याही यादीत नसतो. डिसेंबरात, पाऊस नसताना, गेटच्या आतल्या पाण्याची पातळी स्थिर राहायला हवी. ती जर भरतीबरोबर वर-खाली होत असेल, तर गेट नीट बसत नाहीये किंवा पाणी दुसऱ्या वाटेने येतंय. एवढीशी गोष्ट, पण ती सांगायला कोरड्या दिवसांचा सलग डेटा लागतो. पूर-इशाऱ्याच्या नावाखाली सुरू झालेलं काम आमच्या हातून इकडे वळलं, आणि माझ्या मते मूळ विषयापेक्षा हे जास्त कामाचं होतं.

जागेबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते: खाडीच्या चिखलात उतरायचं नाही. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथे काहीही ठोकायला वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागेल, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. कॉलेजच्या आवारातला नाला, ओळखीच्या सोसायटीच्या मागची गटार, रस्त्याखालची एखादी मोरी बघा. पालिकेच्या जागेवर लावायचं तर प्राचार्यांच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि पोच घ्या. वेळ लागतो, म्हणून पत्र पहिल्या आठवड्यात जायला हवं. डब्यावर कॉलेजचं, डिपार्टमेंटचं नाव आणि गाईडचा नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवा. तारा लोंबणारा, दिवा लुकलुकणारा बेवारस डबा दिसला की लोक पोलिसांना फोन करतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. समोरच्या वॉचमनला स्वतः जाऊन काय चाललंय ते सांगा.

खाडीची हवा जंपर वायर खाऊन टाकते. बाहेर जाणारं प्रत्येक कनेक्शन सोल्डर हवं. ईएसपी३२ बोर्ड वापरत असाल तर लक्षात ठेवा, एचसी-एसआर०४ च्या एको पिनचा सिग्नल ५ व्होल्टचा आणि बोर्डाची पिन ३.३ ची, व्होल्टेज उतरवायला मध्ये दोन रेझिस्टर लागतात. खरेदी ऑनलाइन होते, पण एकदा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जाऊन या. काउंटरवरचा माणूस "हा घेऊ नका" म्हणतो, ते वेबसाइट म्हणत नाही. आणि आपल्या लॅबच्या काकांशी सूत जमवा. कुठल्या बॅचचं काय कुठल्या कपाटात आहे ते फक्त त्यांना ठाऊक असतं.

आता गाईडची बाजू. आम्हाला लेक्चर आणि प्रॅक्टिकल असतात, एनबीए-नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली असतात, बऱ्याच जणांची पीएचडी सुरू असते. मॅडम वेळ देत नाहीत ही तक्रार खरी असते. पण गाईडच्या चालू कामाचा एक तुकडा तुम्ही घेतलात, तर वेळ आपोआप मिळतो, कारण तुमचा ग्राफ बघायची घाई त्यांनाच असते. म्हणून पहिल्या भेटीत "विषय सुचवा" म्हणू नका. "सर, तुमचं सध्या काय चाललंय, त्यात काय अडलंय?" असं विचारा. विद्यापीठाच्या मायनर रिसर्च ग्रँटमधून काही सामान येत असेल तर उत्तमच. फक्त त्यामागे तीन कोटेशन्स आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला) असतं, म्हणून आज मागितलेला सेन्सर उद्या येत नाही.

नव्या शिक्षकांना एवढंच सांगेन: दरवर्षी चार ग्रुपना चार दिशांना पाठवण्यापेक्षा एकच जागा, एकच प्रश्न धरा. टीईचे मिनी प्रोजेक्ट त्याच्या सुट्या भागांवर द्या, बीईला तो जोडू द्या. तीन बॅचनंतर तुमच्याकडे असा डेटा असेल जो दुसऱ्या कुणाकडे नाही. पेपर त्यातून निघतात. आणि लेखकांच्या नावांचा क्रम सुरुवातीलाच मुलांसमोर बोलून टाका. नंतर तो विषय फार अवघड होतो.

पेपरवरून आठवलं. दोन दिवसांत स्वीकृती आणि लगेच फी मागणारं जर्नल दिसलं की पळा. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे "यूजीसी मान्य" असा शिक्का बघून निश्चिंत होण्याचे दिवस गेले. त्या जर्नलचे जुने अंक उघडून वाचा. दहा मिनिटांत कळतं. पेटंटचंही तसंच. कॉलेजच्या फलकावर "पेटंट पब्लिश्ड" लिहिलेलं असतं. अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतोच. पेटंट मिळालं असा त्याचा अर्थ नाही. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, तेव्हा खरंच काही नवं असेल तर अर्ज जरूर करा. पण आधी तात्पुरता अर्ज, मग आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेचं पोस्टर. उलट केलंत तर नावीन्यच संपतं. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. आविष्कारला मात्र जाच. तिथले परीक्षक "हे कशावरून?" असं विचारतात, आणि तो प्रश्न कॉलेजच्या रिव्ह्यूत सहसा कुणी विचारत नाही.

ब्लॅक बुकवर, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधीव रिपोर्टवर, मुलं सोनेरी अक्षरांचा जेवढा विचार करतात, तेवढा आतल्या एका पानाचा करत नाहीत: काय चाललं नाही, याचं पान. कुठला सेन्सर किती महिन्यांत मेला, कुठल्या जागेवर नेटवर्क येत नाही, कुठल्या महिन्यातला डेटा वापरू नये आणि का. पुढच्या ग्रुपला पहिल्या चाळीस पानांपेक्षा ते एक पान जास्त उपयोगी पडतं. एक्स्टर्नललाही (बाहेरून आलेल्या परीक्षकाला) ते वाचायला आवडतं, मी स्वतः आधी तेच शोधते.

बीईची ओरल एप्रिल-मेमध्ये असते. टीईच्या मुलांनी त्या दिवशी लॅबच्या बाहेर थांबावं. एकदा सिनिअर पासआउट होऊन ऐरोलीच्या किंवा पुण्याच्या कंपनीत गेले की फोन उचलत नाहीत. ते लॅबमधून बाहेर पडतील तेव्हा कोड, सगळ्या सीएसव्ही फायली, हाताने लिहिलेली वही आणि डब्याची किल्ली मागून घ्या. पार्टीचं नंतर बघा.