वास्तू भव्य, माणूस हरवलेला: बेळगावकडच्या देवळांत-किल्ल्यांत फोटो काढताना या चुका टाळा

घरात लग्न ठरलं, मुंबई-पुण्याचे पाहुणे आले, की आपल्या सीमाभागात एक फेरी ठरलेली असते. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (बस्ती म्हणजे जैन देऊळ), खानापूर तालुक्यातली हलशी, देगावचं कमलनारायणाचं देऊळ, कित्तूरचा वाडा, आणि सवड असली तर विजापूरचा गोलघुमट. फोटो ढीगभर निघतात. घरी येऊन बघावं तर एकात देऊळ झकास आणि काकू मुंगीएवढ्या. दुसऱ्यात काकू झकास, पण मागं नुसता दगड, तो हलशीचा की आपल्याच परड्यातल्या गडग्याचा, सांगता येत नाही.

बहुतेक बिघाड एकाच ठिकाणी होतो. माणूस आणि वास्तू या दोघांचा विचार आपण एकाच दमात करतो. खरं तर माणसाची जागा उजेड बघून ठरवायची आणि वास्तू किती मोठी दिसावी ते आपल्या पायांनी, म्हणजे मागं-पुढं सरकून ठरवायचं. एवढं वेगळं केलं की निम्म्या तक्रारी मिटतात.

माणूस भिंतीला चिकटलेला

गोलघुमटाची उंची सुमारे 51 मीटर. अख्खी इमारत मोबाइलच्या साध्या लेन्समध्ये, मोबाइल उभा आणि सरळ धरून बसवायची, तर साधारण 75 मीटर मागं यावं लागतं. आता घरच्यांना इमारतीच्या दारात उभं केलंत, तर ती माणसं चेहरे ओळखण्यापलीकडे जाणारच. म्हणून त्यांना तुमच्याबरोबर मागं आणा. इमारत राहू दे 75 मीटरवर, माणसं तुमच्यापासून चार मीटरवर. मग माणूस चौकटीच्या साधारण तिसरा हिस्सा उंची घेतो, घुमट पूर्ण दिसतो, आणि तो केवढा आहे हेही कळतं.

मागं सरकायला जागाच नसेल, तर अख्खी वास्तू घ्यायचा हट्ट सोडा. देगावला एका ओळीत तीन गाभारे आहेत. ते सगळं एका फोटोत कोंबण्यापेक्षा एक खांब, त्याची सावली आणि शेजारी बसलेली आजी, हा फोटो कितीतरी जास्त बोलतो.

देऊळ मागं कलंडलेलं

शिखर कापलं जाऊ नये म्हणून आपण मोबाइल वर तिरका करतो. मग भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि देऊळ मागं पडतंय असं वाटतं. मोबाइल सरळ धरा, मागं या, खालची जास्तीची जमीन नंतर कापून टाका. सेटिंगमध्ये ग्रिडच्या रेषा चालू ठेवा आणि देवळाचा खांब त्या उभ्या रेषेला समांतर आहे का ते बघा. उभे राहून जमत नसेल तर खाली बसा, पण मोबाइल सरळच राहू दे.

याच मालिकेतली दुसरी चूक म्हणजे मोबाइलच्या 0.5 वर, म्हणजे वाइड लेन्सवर जाऊन ग्रुप फोटो. वाइड लेन्स कडेच्या वस्तू ताणते. कडेला उभ्या असलेल्या वहिनी उगाच दुप्पट रुंद दिसतात आणि त्यांना तो फोटो कधीच आवडत नाही. 0.5 वापरायचाच असेल तर माणसं मधोमध ठेवा आणि कडा दगडाला द्या.

काळा दगड आणि पांढरी टोपी

हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोटाळा आहे, म्हणून इथं जरा थांबतो. कॅमेरा समोरचं सगळं दृश्य मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो. समोर काळाभोर दगड जास्त असला की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो सगळंच उजळ करतो. दगड राखाडी, फिकट होतो. आजोबांची पांढरी टोपी आणि धोतर तर इतकं भडकतं की कापडाची एक चुणीसुद्धा दिसत नाही. नंतर कितीही एडिट करा, जळालेला पांढरा रंग परत येत नाही.

उपाय सोपा आहे. स्क्रीनवर आजोबांच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक होतं, मग शेजारचं सूर्याचं चिन्ह हळूहळू खाली ओढा. टोपीची शिवण दिसायला लागली की थांबा. दगड काळा राहील, तो तसाच आहे. चेहरा थोडा गडद वाटला तर नंतर उजळता येतो.

उलटा घोटाळा कपड्यांचा. काळ्या दगडासमोर काळा, गडद निळा किंवा गडद हिरवा पोशाख घातला की फक्त डोकं आणि हात तरंगताना दिसतात. इरकल साडीचा लाल पदर मात्र अशा दगडावर अगदी खुलून येतो. प्री-वेडिंगसाठी भाड्यानं गाऊन आणण्याआधी आईचं कपाट उघडा, एवढं मी आग्रहानं सांगेन.

कमळाखाली हनुवटीच

कमल बस्ती 1204 च्या सुमाराची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं ती बांधवली. मंडपाच्या छतातलं दगडी कमळ आणि माणूस एकत्र यावेत म्हणून लोक जवळ उभं राहून मोबाइल वर करतात. मिळतात त्या नाकपुड्या आणि हनुवटी, तीही चौकटीच्या खालच्या कडेला ताणलेली.

त्याऐवजी माणसाला तीन-चार मीटर लांब, उजेडाकडे तोंड करून बसवा. मोबाइल उलटा करून लेन्स जमिनीलगत आणा आणि चेहरा चौकटीच्या कडेपासून आत येईपर्यंत मागं सरका. मग त्याला कमळाकडे बघू द्या. बाहेरून आलेला उजेड फरशीवर पडून वर उठतो आणि वर केलेल्या चेहऱ्यावर मऊ पसरतो. कातीव खांबांच्या गुळगुळीत अंगावरही तोच उजेड चमकतो. फ्लॅश लावलात तर हे सगळं पुसलं जातं आणि कोरीवकाम सपाट दिसतं. फ्लॅश बंदच ठेवा.

आत फोटो हललेले येत असतील तर कारण कमी उजेडाचं आहे. कोपर बरगड्यांना टेकवा, श्वास सोडून बटण दाबा, आणि समोरच्यालाही क्षणभर स्थिर राहायला सांगा.

कित्तूरला हा प्रश्न येत नाही. 1824 साली राणी चन्नम्मांनी जिथं इंग्रजांशी झुंज दिली, त्या वाड्याच्या उरलेल्या भिंतींवर छतच नाही. तिथं दुपारचं ऊन टाळा, सकाळी लवकर जा किंवा भिंतीच्या सावलीत माणसं उभी करा. दाराच्या चौकटीत उभं करताना डोक्यातून खांब किंवा फांदी उगवत नाही ना, तेवढं बघा. अर्धं पाऊल बाजूला सरकलं की काम होतं.

तिथलीच माणसं

हलशीच्या भूवराह नरसिंह देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, आणि आत कुणीतरी हात जोडून उभं असतं. लांबून झूम करून त्यांचा फोटो चोरणं ही मला तांत्रिक चुकीपेक्षा मोठी चूक वाटते. दर्शन होऊ द्या, मग "मावशी, एक फोटो काढू का?" असं सरळ विचारा. नको म्हणाल्या तर विषय संपला. हो म्हणाल्या तर चार वाक्यं बोला. पहिला फोटो ताठ येतो, बोलता बोलता काढलेला तिसरा-चौथा खरा असतो. काढलेला फोटो त्यांना दाखवा, आणि त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर पाठवून द्या.

गेटवरच अडकणं

पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत हातातल्या कॅमेऱ्यानं फोटो काढता येतात, पण तिपाई, ड्रोन किंवा शूटिंगचा लवाजमा न्यायचा तर आधी परवानगी लागते. बेळगाव किल्ल्याच्या आत लष्कराची हद्दही आहे, तिकडे कॅमेरा वळवू नका. बस्तीत आणि देवळात चपला बाहेर, मूर्तीचा फोटो विचारल्याशिवाय नाही. पोझसाठी कोरीव कामावर पाय देणं, मूर्तीच्या खांद्यावर हात टाकणं अजिबात नको. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा नवरीला हिल्सवर मागं मागं चालायला लावू नका. ती उभी राहू दे, मागं तुम्ही सरका, आणि सरकण्याआधी एकदा पाठीमागं बघून घ्या.