ब्लूनोज बांधायला घेण्याआधी

लाकडी किटमधली ब्लूनोज, म्हणजे त्या जुन्या शिडाच्या बोटीची छोटी प्रतिकृती, बांधायला घेताय? मग खोका उघडलात की सगळ्यात आधी कणा (बोटीच्या मधोमध लांबीने जाणारी प्लायवुडची फळी) बाहेर काढा आणि सपाट काचेवर आडवा ठेवून बघा. पट्ट्या मोजणं, नकाशा भिंतीला लावणं, रंग आणणं हे सगळं नंतर.

मागच्या वेळी मी हे केलं नाही. खोका अख्खा पावसाळा कपाटावर उभा होता. प्लायवुडचा कणा मागच्या टोकाला जेमतेम तीन मिलिमीटर पिळला होता, हातात धरून कळणारच नाही असा. कळलं सात महिन्यांनी, डोलकाठ्या उभ्या केल्यावर. समोरून एक डोळा मिटून बघितलं, तर मागची डोलकाठी पुढचीच्या मागून सरळ वर निघायला हवी. माझी डावीकडे डोकावत होती. तोवर पट्ट्या चिकटल्या होत्या, रंगही झाला होता. काहीच करता येईना.

आणि ही बोट असलं काही झाकून घेत नाही. कॅनडातल्या लुनेनबर्गमध्ये 1921 साली पाण्यात उतरलेली ही 143 फुटी मासेमारीची बोट शर्यतीतही पळायची. तिला ना तोफांच्या खिडक्या, ना भरगच्च कोरीवकाम. जे काही देखणेपण आहे ते कुशीच्या एका सलग रेषेत, आणि त्यावर काळा रंग. काळ्यावर प्रत्येक उंचवटा दिसतो.

तर काच. 1:64 मापात नुसती बोटच 68 सेंटीमीटरच्या आसपास होते, म्हणून काच निदान 75 सेंटीमीटर लांब घ्या. काचवाल्याकडे तुकडा मिळतो, कडा घासून मागा. कणा ठेवा, डोळे काचेच्या पातळीला आणा, पलीकडे टॉर्च धरा. खालून उजेडाची फट दिसली तर कणा वाकडा आहे. उलटा करून पुन्हा बघा. ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसून, काचेवर वजनाखाली दोन दिवस दाबून ठेवा. तरीही पीळ राहिला तर त्याच्याशी झगडू नका, चांगल्या प्लायमधून नवा कापून घ्या. काही किटमध्ये कणा दोन-तीन तुकड्यांत येतो. तो काचेवरच जोडा, खाली प्लास्टिकचा कागद घालून, आणि सुकल्यावर परत तपासा.

बल्कहेड (कण्यावर आडवे बसणारे, बोटीला आकार देणारे तुकडे) खाचांत आधी कोरडे बसवून बघा. गुण्या लावा, प्रत्येकाला, दोन्ही बाजूंनी. अंदाजाने काटकोन होत नाही. चिकटवल्यावर मध्ये मऊ लाकडाचे ठोकळे भरा, म्हणजे कणा तिथल्या तिथे जखडला जातो. आणि भरण्याआधी? कणा सरळ आहे का ते बघा. हो, पुन्हा.

बल्कहेडच्या कडांना उतार द्यायचा आहे, नाहीतर नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, पट्टी नुसत्या टोकावर टेकते आणि घासताना तुटते. लांब पट्टीवर पॉलिश पेपर चिकटवून तीन-चार बल्कहेडवरून एकदम फिरवा. एकेक सुटं घासू नका.

पट्ट्या लावताना एक बाजू पूर्ण करून मग दुसरी, असं मुळीच करू नका. सरळ असलेला कणाही त्या ओढीने वाकतो. डावीकडे दोन लावल्या की उजवीकडे दोन. पट्ट्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा, वाकवून, चिमटे लावून सुकू द्या, मग चिकटवा. ओल्या चिकटवल्या तर सुकल्यावर आक्रसून फटी पडतात. पावसाळ्यात हे काम नकोच, दिवाळीनंतर घ्या.

फेव्हिकॉल, टाचण्या, कपड्यांचे बारीक चिमटे, धारदार पाती हे तुमच्याकडे असेलच. पाती मात्र भरपूर घ्या, बोथट पात्याने लाकूड फाटतं. नकाशाची झेरॉक्स काढा, पण झेरॉक्सवरून माप घेऊ नका, ती किंचित लहान-मोठी होते.

फटींत लांबी (पुट्टी) भरा, घासा, प्रायमर मारा, परत घासा. डोलकाठ्यांची भोकं पाडण्याआधी समोरून आणि वरून बघा. दोऱ्याला मेण लावून घ्या, नाहीतर बारीक तंतू सुटतात. शिडं लावायची की नाही ते दोरकामाआधी ठरवा.

खोका अजून उघडला नसेल तर आजच उघडा, आणि कणा आडवा, सपाट ठेवा. कपाटावर उभा नको.