साखरेऐवजी केळे आणि खजूर वापरताना

पूर्णपणे वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांनी पदार्थात गोडवा आणण्यासाठी फळांचा आधार जरूर घ्यावा, मात्र फळ शक्यतो गरासकट वापरावे. केळे पिकत जाते तसतसे त्यातील स्टार्चचे साखरेत रूपांतर होते. म्हणूनच सालीवर काळे ठिपके पडलेले जे केळे घरात कोणी हातात घेत नाही, तेच शिऱ्यासाठी उत्तम. रवा तेलावर खमंग भाजून त्यात असे केळे कुस्करून परतावे. कढईच्या कडेला गर किंचित तांबूस होऊ लागला की गोडसर वास सुटतो आणि साखर नेहमीपेक्षा बरीच कमी घातली तरी चालते.

खजूर बिया काढून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावा आणि त्याच पाण्यासह वाटावा. येथे मात्र हात आखडता ठेवावा, कारण सुक्या खजुराच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. ‘बिनसाखरेचे’ म्हणून चार-पाच लाडू संपवणे ही स्वतःचीच फसवणूक होय.

रसाचा हिशेब वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फळांच्या रसातील साखर ‘मुक्त साखर’ म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच गटातली मानली जाते आणि अशा सर्व साखरेचे प्रमाण एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांहून कमी, म्हणजे 2000 कॅलरींच्या आहारात सुमारे 50 ग्रॅमच्या आत असावे, असे सांगितले आहे. अख्ख्या ताज्या फळातील साखर या मर्यादेत धरलेली नाही. त्यामुळे मोसंबी पिळण्यापेक्षा सोलून खावी. मधुमेह असल्यास फळांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.