सायकल कॉम्प्युटरमध्ये चाकाचा परीघ भरताना या चुका टाळा

चुंबकावर चालणारा सायकल कॉम्प्युटर अंतर मोजत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो आणि त्यांना आपण भरलेल्या परिघाने गुणतो. त्यामुळे परीघ एक टक्का चुकला, तर २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीत, २ किलोमीटरचा फरक पडतो.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे टायरवरील ‘७००’ हा आकडा व्यास समजणे. ७०० ला ३.१४ ने गुणले की २,१९८ मिलिमीटर येतात. पण ७०० × २५ सी टायरच्या कडेवर बारीक आकड्यांत २५-६२२ असेही छापलेले असते. त्यातील ६२२ हा रिमवर टायर बसतो तेथील व्यास, आणि त्यात टायरच्या २५ मिलिमीटर जाडीचे दोन्ही बाजूंचे मिळून ५० मिलिमीटर धरले, की परीघ जेमतेम २,१११ भरतो. म्हणजे दर १०० किलोमीटरमागे कॉम्प्युटर ४ किलोमीटर फुकटचे दाखवणार! ‘२६ इंच’ तर याहून फसवे आहे, कारण माउंटन बाइकच्या २६ × १.९५ टायरचा रिम ५५९ मिलिमीटरचा आणि साध्या सायकलच्या २६ × १ ३/८ चा ५९० चा असतो.

माहितीपुस्तिकेतील कोष्टक सुरुवातीला चालते. मात्र टायर बदलल्यावर जुनाच आकडा ठेवू नये. टायरभोवती टेप गुंडाळून घेतलेले माप थोडे जास्त येते, कारण स्वाराच्या वजनाने टायर खाली दबतो आणि प्रत्यक्षात चाक त्याहून कमी अंतर कापते. म्हणून नेहमीइतकी हवा भरून, व्हॉल्व्ह अगदी खाली आणून फरशीवर खडूची खूण करावी, सायकलवर बसून कोणाच्या तरी आधाराने सरळ रेषेत चाकाचे तीन फेरे होईपर्यंत पुढे जावे आणि आलेल्या लांबीला तिनाने भागावे. खूण ५ मिलिमीटरने चुकली, तरी एका फेऱ्यामागे चूक दोन मिलिमीटरच्या आत राहते. सेन्सर ज्या चाकावर आहे तेच चाक मोजावे, हे सांगायला नको, तरीही लोक पुढचे-मागचे गल्लत करतात.

वेग अधूनमधून शून्यावर येत असेल, तर परिघाला दोष देऊ नये. स्पोकवरचे चुंबक सेन्सरपासून सरकले असण्याची शक्यता अधिक. सगळेच आकडे सुमारे १.६ पटींनी कमी दिसत असतील, तर एकक मैलांवर गेले आहे. बॅटरी बदलल्यावर काही कॉम्प्युटर परीघही विसरतात, तेव्हा तो कुठेतरी लिहून ठेवलेला बरा.