कामाच्या ठिकाणी शस्त्रबंदीचं धोरण कसं लिहावं, आणि ते चालवावं कसं

दारावर ‘शस्त्र आणण्यास सक्त मनाई’ असा फलक लावला की काम झालं, असं सांगणारे सल्लागार अजूनही भेटतात. फलक वाचून कुणी माघारी फिरत नाही. धोरणाची खरी परीक्षा होते ती एखादा कर्मचारी दबक्या आवाजात येऊन “त्याच्या बॅगेत काहीतरी आहे” असं सांगतो तेव्हा. त्यानंतर कोणी काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल, तर बाकीची पानं नुसती रद्दी.

१. धोरण कुठे आणि कुणाला लागू, ते ठरवा

इमारत, आवार, कंपनीची वाहनं, बाहेरच्या साइट. कायम आणि कंत्राटी कर्मचारी, पाहुणे, माल पोचवणारे. पार्किंगबद्दल मात्र वकिलाला विचारल्याशिवाय ओळ लिहू नका. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कर्मचाऱ्याच्या कुलूपबंद खासगी गाडीतल्या बंदुकीवर मालकाला सरसकट बंदी घालता येत नाही. दुसरीकडचं धोरण उतरवून घेणारे नेमके इथे फसतात.

२. ‘शस्त्र’ म्हणजे काय ते लिहा

बंदुका, काडतुसं, स्फोटकं, सुरे आणि हुबेहूब दिसणाऱ्या नकली बंदुका यांची नावं थेट लिहा. कामाची हत्यारं वेगळी काढा. पॅकिंग विभागात कटर लागणारच. तिथे प्रत्येक कटरवर क्रमांक घाला आणि भिंतीवरच्या फळीवर त्याची बाह्यरेषा रंगवा. पाळी संपताना रिकामी जागा लांबूनच दिसते. शीख कर्मचाऱ्याच्या कृपाणाबाबत काय करायचं, तेही कायदा पाहून आधीच ठरवा, दारात अडवून नव्हे.

पेपर स्प्रेवर आंधळी बंदी घालू नका. रात्री एकटीने घरी जाणारी बाई तो हौसेने बाळगत नाही. बंदी घालायची असेल तर आधी तिच्या सुखरूप जाण्याची सोय करा. ते जमत नसेल, तर स्प्रे आवारात बॅगेबाहेर काढायचा नाही एवढा नियम पुरे.

३. माहिती कळल्यावर काय करायचं

माझा सगळ्यात जास्त वेळ या पायरीने खाल्ला आहे, आणि तयार मसुद्यांत ती एका वाक्यात उरकलेली असते: ‘आपल्या वरिष्ठांना कळवा.’ हे वाक्य खोडा. धमकी देणारा वरिष्ठच असेल तर? आणि तो नसला, तरी त्याला याचं प्रशिक्षण नसतं. तो त्या माणसाला केबिनमध्ये बोलावून विचारतो, “काय रे, हे खरं का?” याच्याइतकी घातक चौकशी दुसरी नाही. माणूस सावध होतो, चिडतो, आणि कुणी सांगितलं हे त्याला दोन मिनिटांत कळतं.

म्हणून दोन प्रसंग वेगळे लिहा. शस्त्र दिसलं आहे, किंवा ‘आत्ता बघून घेतो’ अशी धमकी दिली आहे: आधी सुरक्षित जागी जा, जाता जाता इतरांना बाजूला करा आणि थेट पोलिसांना फोन लावा. साहेबांची परवानगी लागत नाही, हे धोरणात स्पष्ट लिहा. समजूत घालायला कुणी जायचं नाही, शस्त्र हिसकावायचं नाही, निःशस्त्र सुरक्षारक्षकाला बॅग तपासायला पुढे ढकलायचं नाही.

नुसती कुणकुण असेल, तर ऐकलेले शब्द जसेच्या तसे, वेळ आणि जागेसह लिहून, यासाठी धोरणात आधीच नेमून ठेवलेल्या दोघांपैकी एकाला कळवायचे. पुढचं सुरक्षा, मनुष्यबळ आणि कायदा सांभाळणाऱ्यांनी त्याच दिवशी एकत्र बसून ठरवायचं. ‘तो गंमत करत होता’ हा निष्कर्ष एकट्याने काढायचा नाही.

सांगणाऱ्याचं नाव त्या मोजक्या लोकांपलीकडे जाता कामा नये. ‘खोटी तक्रार केल्यास कडक कारवाई’ हे वाक्य ठळक अक्षरांत छापू नका. त्याने खोटं बोलणारे थांबत नाहीत, घाबरलेले मात्र गप्प बसतात. प्रामाणिकपणे सांगितलेलं चुकीचं निघालं तरी शिक्षा नाही, असं लिहा. जीव वाचवायला काम सोडून गेलेल्याचा पगारही कापू नका. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१९चा करार क्रमांक १९० कामाच्या ठिकाणच्या हिंसेबाबत हा हक्क मानतो: जिवाला गंभीर, तातडीचा धोका आहे असं रास्त कारणाने वाटलं, तर कामगाराने बाजूला व्हावं आणि त्याची त्याला झळ बसू नये.

घरातली हिंसाही याच करारात आली आहे, आणि धोरणात ती हटकून राहून जाते. एखादीचा नवरा दाराशी येऊन धमकावतो, हे तिला लाज न वाटता सांगता आलं पाहिजे. तिच्या संमतीने त्याचा फोटो सुरक्षारक्षकाकडे द्या, तिची बसायची जागा आणि येण्याजाण्याची वेळ बदला.

४. तपासणी

बॅग तपासण्याचा नियम नेमणुकीच्या वेळीच लेखी मान्य करून घ्या. तपासणीला नेहमी दोघं हजर हवेत आणि संचालकांची बॅगही उघडली गेली पाहिजे. ज्याच्याकडे शस्त्र असल्याचा संशय आहे त्याला ही तपासणी लावू नका. ते पोलिसांचं काम.

५. सोडून जाणाऱ्यांचे पास

कामावरून काढल्याचं सांगतानाच प्रवेशपास बंद करा. त्याचं सामान त्याला चारचौघांत गोळा करायला लावू नका, घरी पोचवा.

६. फोन लावून पाहा

एका ठिकाणी भिंतीवर ठळक छापलेला तातडीचा क्रमांक मनुष्यबळ विभागातल्या टेबलावरच्या फोनचा होता. संध्याकाळी त्या खोलीला कुलूप लागायचं आणि रात्रपाळी तर रोज भरायची. तुमच्याकडचा क्रमांक रात्रपाळीच्या मधोमध, सुट्टीच्या दिवशीही लावा. कुणी उचलला नाही, तर सकाळ व्हायच्या आत तो बदला.