'नम' कधी म्हणायचं आणि कधी मुळीच नाही

ऑफिसातलं इंग्रजी इथे परदेशात आल्यावर थोड्या दिवसांत जमून जातं. अडतं ते दवाखान्यात. दुखणं कमी करणारी, संवेदना घालवणारी, गुंगी आणणारी क्रियापदं शाळेत कुणी शिकवलेली नसतात आणि मराठीत 'भूल देणे' एवढ्यावर आपलं बरंचसं भागतं. इंग्रजीत मात्र आधी ठरवावं लागतं की घालवायचंय काय: त्या जागेची जाणीव, दुखणं की शुद्धच?

जाणीव घालवायची तर 'नम' (numb), म्हणजे बधिर. स्पेलिंगच्या शेवटी बी असला तरी तो उच्चारत नाहीत, म्हणून 'नंबिंग' नाही, 'नमिंग'. कॅनडात दातांचे डॉक्टर त्यालाच 'फ्रीझिंग' म्हणतात. बर्फाशी त्याचा काही संबंध नाही, इंजेक्शनच असतं. सुई टोचण्याआधी ब्रिटनमध्ये 'शार्प स्क्रॅच' म्हणतात, अमेरिकेत 'लिटल पिंच'. या लोकांना 'दुखेल' म्हणणं जिवावर येतं, तेव्हा 'डिसकम्फर्ट' ऐकलं की 'दुखेल' असंच समजावं. औषध बहुधा लिडोकेन. ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात काही जण त्यालाच अजून लिग्नोकेन म्हणतात. अ‍ॅलर्जी असेल तर दोन्ही नावं ध्यानात ठेवा.

इंजेक्शननंतर काही मिनिटांनी ओठ सुजल्यासारखा जड लागतो आणि डॉक्टर विचारतो, 'आर यू नम?' आपली माणसं इथेच घात करून घेतात. सोसायची सवय, त्यात डॉक्टरला उलट काय सांगायचं हा संकोच, म्हणून 'येस, ओके' म्हणून मोकळे होतात आणि मग ड्रिल सुरू झाल्यावर खुर्चीचे हात आवळतात. ओठ जड झाला म्हणजे दात बधिर झालाच असं नाही. डॉक्टर टोचून बघेल तेव्हा नुसतं दाबल्यासारखं वाटत असेल तर 'जस्ट प्रेशर' म्हणा, तो पुढे जाईल. कळ आली तर 'इट्स स्टिल शार्प' म्हणा, तो थांबेल आणि औषध वाढवेल. त्याला 'टॉप अप' म्हणतात. यात कुणाचा अपमान नाही. मुळाशी पू झालेला असेल तर तिथला भाग आम्लधर्मी होतो आणि औषध नीट चढत नाही, खालच्या दाढांना तर मागच्या नसेजवळ इंजेक्शन द्यावं लागतं आणि ते कधीकधी नेमकं बसत नाही. तोंड उघडं असताना बोलता येत नाही, म्हणून हात वर केला की थांबायचं, हे आधीच ठरवून घ्या.

असर सुरू होणं म्हणजे 'किक इन', उतरणं म्हणजे 'वेअर ऑफ'. ओठ-जीभ साधारण दोन ते चार तास बधिर राहतात. तोवर गरम चहा नको, चावायचं काही नको. लहान मुलं तर गंमत म्हणून ओठ चावत बसतात आणि रक्त काढतात, त्यांच्यावर नजर ठेवा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते. हातापायाला मुंग्या आल्या की आपले लोक सरसकट 'नम' म्हणतात. मुंग्यांना 'टिंगलिंग' किंवा 'पिन्स अँड नीडल्स' म्हणा. पाय आखडून बसल्यावर आलेल्या मुंग्यांना 'पाय झोपला' या अर्थी 'माय लेग वेन्ट टू स्लीप' म्हणतात. 'नम' म्हणजे स्पर्शच कळत नाही. जोर नाही, ग्लास धरवत नाही, तर तो 'वीक'. मुंग्यांना 'सडन नमनेस' म्हणालात तर तुमची रवानगी थेट इमर्जन्सीत होईल, तपासण्या होतील, रात्र तिथेच जाईल. ते एक वेळ परवडलं. खरी महागात पडते ती उलटी चूक: चेहऱ्याची किंवा शरीराची एक बाजू अचानक खरोखर बधिर झालेली असते आणि माणूस फोनवर 'हेवी', 'टायर्ड' असं काहीतरी सांगत बसतो. ऐकणाऱ्याला वाटतं, थकलाय. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात. तेव्हा वाक्य पाठच करा: 'सडनली नम ऑन वन साइड'. केव्हा सुरू झालं तेही घड्याळाप्रमाणे सांगा. घरातल्या म्हाताऱ्यांकडूनही पाठ करून घ्या.

दुखणं कमी होण्याला 'ईझ' किंवा 'रिलीव्ह'. गोळीने थोडासाच फरक पडला तर 'इट टेक्स द एज ऑफ'. 'डल' इथे फसवतो. क्रियापद म्हणून तो दुखणं बोथट करतो, पण 'शार्प ऑर डल?' या प्रश्नात डॉक्टर दुखण्याची जात विचारतो, प्रमाण नाही. रात्रभर झोपू न देणारं संथ दुखणंही 'डल'च असतं. प्रमाण शून्य ते दहामध्ये वेगळं विचारतात. तिथे लाजून तीन सांगितलंत तर तीनचीच गोळी मिळेल.

'सूद' म्हणजे शांतवणं. शेवटी मऊ द, 'सूथ' नाही. खोक्यावर 'सूदिंग' लिहिलंय म्हणजे आराम पडेल, बरं होईलच असं नाही. 'नमिंग' लिहिलं असेल तर आत भुलीचं औषध आहे, बहुधा बेन्झोकेन किंवा लिडोकेन. दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांना बेन्झोकेनचं जेल लावू नका. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवणारा एक दुर्मीळ पण जीवघेणा विकार त्यातून होऊ शकतो. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ते वापरू नये, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये स्पष्ट बजावलं आहे.

शुद्धीचं म्हणाल तर 'सिडेट' म्हणजे गुंगी, हाक मारली तर बहुधा ओ देता येते. 'पुट अंडर' म्हणजे पूर्ण भूल. भुलीआधी साधारण सहा तास खाणं बंद, दोन तास पाणीही बंद. नंतर 24 तास गाडी चालवायची नाही आणि घरी न्यायला माणूस लागतो, टॅक्सीवाला चालत नाही. 'पुट टू स्लीप' हे मुलाच्या ऑपरेशनला चालतं, पण प्राण्यांच्या डॉक्टरकडे कुत्र्याची नखं कापायला नेलंत तर चुकूनही म्हणू नका. तिथे त्याचा अर्थ कायमचं झोपवणं असा होतो. 'सिडेट' म्हणा.

आवाजासाठी 'मफल' आणि 'डेडन', भावनांसाठी 'ब्लंट'. नैराश्याच्या गोळ्यांनी ना आनंद ना दुःख असं वाटायला लागलं तर 'आय फील ब्लंटेड' म्हटलेलं डॉक्टरला लगेच कळतं, आणि डोस किंवा औषध बदलण्याचा विचार होतो. गोळ्या मात्र आपण होऊन बंद करू नका.